घरच्या कॉम्प्युटरला विकतचा अँटिव्हायरस हवाच का?

नवा लॅपटॉप घेतला की बिल करता करता दुकानदार विचारतो, "अँटिव्हायरस टाकून देऊ ना, साहेब?" नाही म्हणायला जीभ रेटत नाही. चाळीस-पन्नास हजारांची वस्तू घेतोच आहोत, हजारभर रुपयांसाठी कशाला जोखीम घ्या, असं म्हणून आपण मान डोलावतो. वर्ष सरतं, मुदत संपल्याच्या सूचना स्क्रीनच्या कोपऱ्यात दिसू लागतात आणि मग खरा प्रश्न पडतो. विंडोजमध्ये मायक्रोसॉफ्टचा डिफेंडर मुळातच असतो, त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. मग तेवढ्यावर भागणार नाही का?

घरच्या वापरापुरतं उत्तर सरळ आहे: भागतं. मात्र त्याला दोन अटी आहेत. डिफेंडर खरोखर चालू असला पाहिजे आणि ज्या विंडोजवर तो चालतो तिला सुरक्षा अपडेट मिळत असले पाहिजेत. या दोन्ही गोष्टी आपल्याकडच्या कितीतरी घरांत गृहीत धरता येत नाहीत. शिवाय आज घरच्या माणसाचे पैसे आणि फोटो ज्या वाटांनी जातात, त्यातल्या बऱ्याच वाटांवर फुकटचा काय आणि विकतचा काय, कोणताच अँटिव्हायरस पुरा पडत नाही.

जुनी भीती आली कुठून?

"विकतचा हवाच" ही समजूत निराधार नव्हती. पीसीवरचा पहिला गाजलेला व्हायरस 'ब्रेन'. तो १९८६ मध्ये लाहोरच्या दोन भावांनी लिहिला आणि फ्लॉपीवरून तो जगभर गेला. त्यानंतरची कित्येक वर्षं मायक्रोसॉफ्टच्या सिस्टिममध्ये भरवशाचं म्हणावं असं संरक्षण नव्हतंच. ती उणीव बाहेरच्या कंपन्यांनी भरून काढली. त्यातली एक पुण्याची. रेडिओ-कॅल्क्युलेटर दुरुस्तीच्या कामातून पुढे आलेले कैलास काटकर आणि कॉम्प्युटर शिकणारे त्यांचे धाकटे भाऊ संजय यांनी १९९५ मध्ये 'क्विक हील' बाजारात आणला. दुरुस्तीला येणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये सापडणारे व्हायरस साफ करता करता या उत्पादनाला आकार आला. महाराष्ट्रातल्या घराघरांत 'अँटिव्हायरस टाकणं' ही सवय रुजली, त्यामागे अशा कंपन्या आणि गल्लीबोळांतले दुरुस्तीवाले होते.

त्या काळातला एक अनुभव पस्तिशीपुढच्या बहुतेकांना आठवत असेल. झेरॉक्सच्या दुकानात पेन ड्राइव्हवरून प्रिंट काढायची आणि घरी येऊन ड्राइव्ह उघडायचा, तर प्रत्येक फोल्डरच्या जागी छोटा बाण असलेला शॉर्टकट, आकार जेमतेम एक-दोन केबी. खरे फोल्डर व्हायरसने लपवून ठेवलेले असत. शॉर्टकटवर क्लिक केलं की आधी व्हायरस चालायचा आणि लगेच खरा फोल्डर उघडायचा, त्यामुळे बिघडलंय असं वाटायचंच नाही. पेन ड्राइव्ह लावताच त्यावरचा प्रोग्रॅम आपोआप चालवण्याची विंडोजची सवयही अशा व्हायरसांच्या पथ्यावर पडली. २००८ च्या अखेरीस आलेल्या 'कॉन्फिकर'चे काही प्रकार तिचाच फायदा घेत. पुढे विंडोज ७ मध्ये आणि २०११ च्या एका अपडेटने जुन्या विंडोजमध्येही पेन ड्राइव्हसाठी ती सवय मोडण्यात आली.

मायक्रोसॉफ्टने स्वतःचा अँटिव्हायरस उभारायला वेळ लावला. २००३ मध्ये रोमानियातल्या जीकॅड कंपनीचं तंत्रज्ञान विकत घेतलं, २००६ मध्ये 'वनकेअर' नावाची पैसे घेऊन दिलेली सेवा चालवून पाहिली, २००९ मध्ये 'सिक्युरिटी इसेन्शियल्स' फुकट वाटला. अखेर २०१२ च्या विंडोज ८ पासून डिफेंडर हा पूर्ण अँटिव्हायरस म्हणून विंडोजमध्येच आला. पण आला तेव्हा तो यथातथाच होता. जर्मनीतल्या मॅग्डेबर्गची 'एव्ही-टेस्ट' ही संस्था वेगवेगळ्या अँटिव्हायरसची नियमित परीक्षा घेते. २०१३ च्या सुमारास तिच्या निकालांत मायक्रोसॉफ्टचा अँटिव्हायरस संरक्षणाच्या रकान्यात तळाला असायचा. "डिफेंडर काही कामाचा नाही" हा सल्ला त्या वेळचा आहे. तेव्हा तो बरोबर होता.

आता काय बदललं?

गेल्या काही वर्षांत चित्र पालटलं. एव्ही-टेस्ट संरक्षण, वेग आणि वापरातली सोय अशा तीन बाबींना प्रत्येकी ६, म्हणजे एकूण १८ गुण देते. डिफेंडर आता तिथे पैकीच्या पैकी किंवा अगदी जवळपास असतो. ऑस्ट्रियातल्या इन्सब्रुकची 'एव्ही-कम्पॅरेटिव्हज' ही दुसरी मान्यवर संस्था. तिच्या चाचण्यांतही तो नावाजलेल्या विकतच्या अँटिव्हायरसच्या बरोबरीने उभा राहतो.

यामागचं तंत्र समजून घेण्यासारखं आहे. जुना अँटिव्हायरस म्हणजे पोलीस ठाण्यातल्या फलकावरचे गुन्हेगारांचे फोटो. फलकावर चेहरा असेल तर पकड, नसेल तर सोड. या फोटोंना म्हणतात सिग्नेचर. व्हायरस लिहिणारे रोज चेहरे बदलू लागले तेव्हा ही पद्धत अपुरी पडली. आजचा डिफेंडर सिग्नेचर वापरतोच, पण त्याखेरीज आणखी तीन गोष्टी करतो.

पहिली, अनोळखी फाइल दिसली की तिची माहिती तो मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरकडे पाठवतो आणि काही सेकंदांत निकाल मागवतो. गरज पडली तर तेवढा वेळ फाइल रोखूनही धरतो. विंडोज जगभरात शंभर कोटींहून अधिक उपकरणांवर चालते. त्यामुळे ब्राझीलमधल्या कुणाच्या कॉम्प्युटरवर सकाळी सापडलेली फाइल बारामतीतल्या कॉम्प्युटरवर दुपारी अडवता येते. दुसरी, प्रोग्रॅम काय करतो आहे यावर तो लक्ष ठेवतो. एखादा प्रोग्रॅम धडाधड शेकडो फाइली उघडून बदलू लागला, तर ते खंडणीखोर रॅन्समवेअरचं लक्षण असू शकतं. तिसरी, स्क्रिप्ट चालण्याच्या क्षणी तिचा मजकूर तपासण्याची सोय विंडोजमध्येच आहे. गुंडाळून, उलटसुलट करून लिहिलेली स्क्रिप्टसुद्धा चालताना कधीतरी उलगडावीच लागते, आणि तपासणी तिथे होते.

त्याच्या उणिवाही आहेत. इंटरनेट नसताना डिफेंडरची ओळखण्याची ताकद लक्षात येण्याइतकी घटते, कारण निम्मी अक्कल सर्व्हरवर आहे. नेट बंद असलेल्या कॉम्प्युटरवर सतत पेन ड्राइव्ह फिरत असतील, तर हा दोष महत्त्वाचा. जुन्या, कमी ताकदीच्या मशीनवर तो मोठ्या फाइली कॉपी करताना रेंगाळतो. आणि वाईट वेबसाइट अडवणारा मायक्रोसॉफ्टचा 'स्मार्टस्क्रीन' एज ब्राउझरमध्ये जसा काम करतो तसा क्रोममध्ये करत नाही. तिथे ते काम गूगलची स्वतःची यंत्रणा करते.

मॅक वापरणाऱ्यांचीही गोष्ट साधारण अशीच. ॲपलने २००९ पासून 'एक्सप्रोटेक्ट' आणि २०१२ पासून 'गेटकीपर' सिस्टिममध्येच दिला आहे. पण मॅकला व्हायरस लागतच नाही ही समजूत २०१२ च्या 'फ्लॅशबॅक'ने मोडीत काढली. त्याने जगभरातले सुमारे सहा लाख मॅक ग्रासले होते.

विकत घेतल्यावर काय मिळतं आणि काय जातं?

विकतच्या पॅकेजमध्ये अँटिव्हायरसखेरीज बऱ्याच गोष्टी येतात: मुलांच्या इंटरनेटवर नियंत्रण, पासवर्ड सांभाळणारं सॉफ्टवेअर, व्हीपीएन, पाच-सहा उपकरणांना मिळून एकच लायसन्स. सगळ्यात उपयोगाची म्हणजे अडचण आली तर फोन उचलणारं माणूस. यातलं काही खरोखर हवं असेल, तर पैसे देणं शहाणपणाचंच आहे. फक्त ते व्हायरस पकडण्याचे पैसे नाहीत, सोयीचे आहेत, हे मनाशी स्पष्ट असावं.

आणि अँटिव्हायरस ही काही निरुपद्रवी वस्तू नाही. तो प्रत्येक फाइल वाचतो, ब्राउझरमध्ये डोकावतो, सिस्टिमच्या अगदी गाभ्यात बसतो. एवढी मोकळीक ज्याला दिली, तो चुकला किंवा फितूर झाला तर फटकाही तेवढाच मोठा. 'अवास्ट' हा कोट्यवधी लोकांनी फुकट वापरलेला अँटिव्हायरस. वापरणारे कोणत्या वेबसाइटवर जातात याची माहिती तो गोळा करत होता आणि 'जम्पशॉट' या त्याच्याच उपकंपनीमार्फत ती विकली जात होती, हे २०२० मध्ये उघड झालं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये त्याबद्दल १ कोटी ६५ लाख डॉलर भरायला लावले. लोकांच्या ब्राउझिंगवरची पाळत रोखण्यासाठी म्हणून जे सॉफ्टवेअर घेतलं, तेच पाळत ठेवत होतं.

चुकल्याचं उदाहरण १९ जुलै २०२४ चं. मोठ्या कंपन्यांना सुरक्षा पुरवणाऱ्या 'क्राउडस्ट्राइक'ने एक सदोष अपडेट पाठवला आणि जगभरातले सुमारे ८५ लाख विंडोज कॉम्प्युटर निळा पडदा दाखवून ठप्प झाले. भारतातल्या विमानतळांवर त्या दिवशी हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. यात व्हायरस कुठेच नव्हता. डिफेंडरही याला अपवाद नाही. मे २०१७ मध्ये गूगलच्या 'प्रोजेक्ट झीरो'च्या संशोधकांना मायक्रोसॉफ्टच्या तपासणी इंजिनातच असं भगदाड सापडलं, की खास रचलेली ईमेल डिफेंडरने नुसती तपासली तरी कॉम्प्युटरचा ताबा जाऊ शकत होता. मायक्रोसॉफ्टने काही दिवसांतच ते बुजवलं. पण धडा राहतोच: कॉम्प्युटरवर सुरक्षेचं सॉफ्टवेअर जितकं जास्त, तितक्या बिघडण्याच्या जागाही जास्त. दोन अँटिव्हायरस एकदम चालवणं तर टाळावंच. दुसरा टाकला की डिफेंडर सहसा स्वतःहून बाजूला होतो, आणि तो काढून टाकला की पुन्हा जागा घेतो.

पहिली अट: तो चालू आहे का?

आता आपल्याकडच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. कॉम्प्युटर हळू झाला की आपण तो दुरुस्तीवाल्याकडे देतो. तो फॉरमॅट मारतो, विंडोज टाकतो, ऑफिस टाकतो, फोटोशॉप टाकतो आणि हातात देतो. ही सॉफ्टवेअर लायसन्स घेतलेली आहेत का, हे आपण विचारत नाही आणि तोही सांगत नाही. क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरसोबत जी सूचनांची फाइल येते, तिच्यातली पहिली ओळ बहुधा एकच असते: आधी अँटिव्हायरस बंद करा. कारण सॉफ्टवेअरचं कुलूप तोडणाऱ्या प्रोग्रॅमला डिफेंडर पकडतो. कधी तो फक्त कुलूपतोड्या असतो, कधी त्याच्या पोटात पासवर्ड चोरणारा दुसरा प्रोग्रॅमही असतो. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात. दुरुस्तीवाला घाईत असतो. तो डिफेंडर बंद करतो, किंवा त्याहून सोपं म्हणजे संपूर्ण सी ड्राइव्हच तपासणीतून वगळून टाकतो. अशा कॉम्प्युटरवर डिफेंडर चालू दिसतो, पण मुख्य डिस्ककडे तो पाहतच नाही.

हे घरी तपासायला पाच मिनिटं लागतात. स्टार्ट मेनूत 'विंडोज सिक्युरिटी' शोधून उघडा. 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'मॅनेज सेटिंग्ज'वर जा. तिथे 'रिअल-टाइम प्रोटेक्शन', 'क्लाउड-डिलिव्हर्ड प्रोटेक्शन' आणि 'टॅम्पर प्रोटेक्शन' ही तिन्ही बटणं चालू हवीत. शेवटचं बटण महत्त्वाचं, कारण एखाद्या व्हायरसने परस्पर डिफेंडर बंद करायचा प्रयत्न केला तर ते अडवतं. तसंच खाली सरकत गेलात की 'एक्सक्लूजन्स' दिसेल. घरच्या कॉम्प्युटरवर ही यादी सहसा रिकामीच असायला हवी. आपण न टाकलेलं काही तिथे असेल, तर ते काढा आणि मग पूर्ण स्कॅन चालवा. या पानावर दुसऱ्याच एखाद्या कंपनीचं नाव दिसलं, आणि तिची मुदत केव्हाच संपलेली असेल, तर ते सॉफ्टवेअर काढून टाकून डिफेंडरला जागा करून द्या.

अँटिव्हायरस जागा आहे का, हे तपासायला एक निरुपद्रवी युक्तीही आहे. 'आयकार' या युरोपीय संस्थेच्या नावाची एक चाचणी फाइल इंटरनेटवर मिळते. तिच्यात फक्त ६८ अक्षरांचा मजकूर आहे, अपाय काहीच नाही. पण जगातले जवळपास सगळे अँटिव्हायरस ती व्हायरस म्हणूनच धरतात, तसं सगळ्यांनी ठरवूनच घेतलं आहे. ती उतरवून घेतली आणि काहीच आरडाओरडा झाला नाही, तर तुमच्या कॉम्प्युटरवर पहारा नाही.

दुसरी अट: विंडोज कोणती?

१२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नावाच्या रॅन्समवेअरने दीडशेच्या आसपास देशांत धुमाकूळ घातला. ब्रिटनमध्ये सरकारी रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या. विंडोजमधल्या ज्या भगदाडातून तो शिरला, ते बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने १४ मार्चलाच दिला होता. जवळजवळ दोन महिने लोकांनी तो घेतला नव्हता. जून संपता संपता त्याच भगदाडाचाही वापर करत 'नॉटपेट्या' आला. मर्स्क या जहाज कंपनीची यंत्रणा कोलमडली आणि तिचा झटका आपल्या न्हावा-शेवा बंदरातल्या एका टर्मिनललाही बसला. अपडेट घेतलेल्या मशीनचं ते भगदाड बंद होतं. अपडेट न घेतलेल्या मशीनवर सगळा भार एकट्या अँटिव्हायरसवर आला.

हे आज आठवायचं कारण विंडोज १०. तिचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. नाव नोंदवणाऱ्या घरगुती वापरकर्त्यांना आणखी वर्षभराची मुदत मायक्रोसॉफ्टने देऊ केली. यातली फसवी गोष्ट अशी, की डिफेंडरच्या व्हायरस-याद्या मात्र विंडोज १० वर २०२८ पर्यंत येत राहणार आहेत. म्हणजे स्क्रीनवर हिरवी टिकली दिसत राहील, यादी आजचीच असेल, आणि खालच्या सिस्टिममधली नवी भगदाडं उघडीच राहतील. विकतचा अँटिव्हायरस टाकूनही ती बुजत नाहीत, कारण विंडोजची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टच करू शकतं. जुन्या मशीनवर विंडोज ११ बसत नसेल, तर लिनक्सचा विचार करावा, नाहीतर त्या मशीनवर बँकेचे व्यवहार तरी करू नयेत.

जिथे कुणाचंच चालत नाही

या दोन्ही अटी पाळल्या तरी धोका संपत नाही, त्याची वाट बदलते. अलीकडे पसरलेली एक युक्ती पाहा. एखादी वेबसाइट उघडली की "मी रोबोट नाही" अशी चौकट येते. त्यावर क्लिक केलं की पुढची पायरी दिसते: विंडोजचं बटण आणि आर एकदम दाबा, मग कंट्रोल आणि व्ही दाबा, मग एंटर. तीन पायऱ्यांचं काम, म्हणून माणूस दाबून मोकळा होतो. पण क्लिक केलं तेव्हाच त्या पानाने एक आज्ञा गुपचूप क्लिपबोर्डवर ठेवलेली असते. ती आज्ञा आपण स्वतःच्या हाताने चिकटवली आणि चालवली. कॉम्प्युटरच्या दृष्टीने मालकानेच काम सांगितलं. डिफेंडर यातले काही प्रयत्न पकडतो, काही निसटतात.

निसटलेल्यांतून येणारा पाहुणा बहुधा पासवर्ड-चोर असतो. तो काही बिघडवत नाही, खंडणी मागत नाही. ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि लॉग-इन असल्याच्या खुणा मिनिटभरात उचलतो आणि जातो. 'लुमा' हा त्यातला एक नामचीन. मे २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने इतरांच्या मदतीने त्याचं जाळं तोडलं, तेव्हा आधीच्या दोन महिन्यांतच त्याने ३ लाख ९४ हजार विंडोज कॉम्प्युटर बाधित केल्याचं आढळलं होतं.

याहून साधा प्रकार म्हणजे फोन. "बँकेतून बोलतोय, केवायसी अडकलंय, एक ॲप घ्या." ते ॲप असतं एनीडेस्कसारखं, दुसऱ्याचा स्क्रीन दुरून पाहण्याचं आणि हाताळण्याचं. ते ॲप कायदेशीर आहे, ऑफिसांत रोज वापरलं जातं, म्हणून अँटिव्हायरस त्याला हरकत घेत नाही. रिझर्व्ह बँकेने याबद्दल फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केलं होतं. लग्नाची पत्रिका किंवा आरटीओचं चलन म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइलही याच जातीची. फोन "हे ॲप अनोळखी ठिकाणचं आहे" असं बजावतो आणि आपण "तरीही चालेल" म्हणतो. 'डिजिटल अरेस्ट'च्या भामटेगिरीत तर प्रोग्रॅमसुद्धा नसतो, असतो फक्त व्हिडिओ कॉल आणि खाकी कपडे.

मग पैसे कुठे घालायचे?

अँटिव्हायरसवर जेवढे खर्च करणार होता, तेवढ्यात किंवा थोडे अधिक घालून एक बाहेरची हार्ड डिस्क येते. महिन्यातून एकदा फोटो आणि कागदपत्रं तिच्यावर उतरवा आणि ती काढून कपाटात ठेवा. काढून ठेवणं महत्त्वाचं, कारण जोडलेली डिस्क रॅन्समवेअर तितक्याच सहज कुलूपबंद करतो. ईमेल आणि बँकेच्या खात्यांना दुहेरी पडताळणी लावा. रोजच्या वापराला, विशेषतः मुलांसाठी, ॲडमिनिस्ट्रेटर नसलेलं साधं खातं उघडा. म्हणजे चुकून काही चालवलं तरी ते सिस्टिममध्ये खोलवर शिरू शकत नाही. डिफेंडरमध्येच 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' नावाची सोय आहे. ओळखीच्या प्रोग्रॅमखेरीज कुणालाही ती तुमच्या कागदपत्रांच्या फोल्डरमध्ये लिहू देत नाही. ती मुळात बंद असते. चालू केल्यावर सुरुवातीला एखाददुसऱ्या चांगल्या प्रोग्रॅमलाही अडवते, पण त्याला परवानगी देता येते. आणि पैसे गेलेच तर लाजत बसू नका. लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतक्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत पांगण्याआधी तक्रार गेली, तर ते गोठवता येण्याची शक्यता असते.

विकतचा अँटिव्हायरस कुणी घ्यावा, तेही सांगतो. ज्यांना मुलांवर नियंत्रणाची किंवा एका लायसन्समध्ये अनेक उपकरणांची सोय हवी आहे, ज्यांचा कॉम्प्युटर बहुतेक वेळ इंटरनेटशिवाय चालतो, किंवा अडलं तर ज्यांना विचारायला घरात कुणी नाही, त्यांनी घ्यावा. बाकीच्यांनी खर्चाचा क्रम लावून घ्यावा: आधी अस्सल आणि अपडेट मिळणारी विंडोज, मग बॅकअपची डिस्क, आणि एवढं करून पैसे उरले तर अँटिव्हायरस.